मॉडबसच्या मेसेजवरच्या अटी सॉल्व्हरकडून तपासताना प्रश्न कसा विचारायचा

मॉडबस हा कारखान्यातल्या उपकरणांशी बोलण्याचा प्रोटोकॉल. प्रश्न थोडक्यात असा आहे: मॉडबस टीसीपीवरून, म्हणजे नेटवर्कवरून, आलेली रिक्वेस्ट मागच्या सीरियल लाइनवरच्या उपकरणांना पोचवणारा गेटवे लिहिला जातोय. मेसेज वैध आहे की नाही हे बघणारे ‘इफ’ कोडमध्ये ठिकठिकाणी विखुरलेले आहेत. त्या सगळ्या अटी एकत्र करून झेड-थ्री सॉल्व्हरला (दिलेल्या अटी पाळणाऱ्या किंमती शोधणाऱ्या प्रोग्रामला) दिल्या तर तो लगेच ‘सॅट’ (अशा किंमती आहेत) म्हणतो. पेलोडचे (मेसेजमधल्या प्रत्यक्ष डेटाचे) बाइट घातले की कधी तासभर चालत राहतो, कधी ‘अननोन’ (ठरवता येत नाही) म्हणून थांबतो. यातून नेमकं काय सिद्ध झालं, आणि अटी मांडायच्या कशा?

आधी ‘सॅट’बद्दल. या ‘सॅट’ने जवळजवळ काहीच सिद्ध झालेलं नाही. दिलेल्या सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारा निदान एक मेसेज आहे, एवढाच त्याचा अर्थ. फंक्शन म्हणजे मेसेजमधला कामाचा क्रमांक. तुमच्या बहुतेक अटी ‘फंक्शन १६ असेल तर बाइट-काउंट अमुक’, ‘फंक्शन ३ असेल तर संख्या तमुक’ अशा जर-तरच्या आहेत. सॉल्व्हरने फंक्शनला ९९ ही किंमत दिली की एकही ‘जर’ लागू होत नाही आणि सगळे ‘तर’ आपोआप पाळल्यासारखे होतात. मिळालेलं मॉडेल (सॉल्व्हरने शोधलेल्या किंमती) छापून बघा, बहुधा असलाच एखादा निरुपयोगी मेसेज समोर येईल. सॉल्व्हरचं उत्तर बरोबर आहे, त्याला विचारलेला प्रश्न फार सोपा आहे.

खरी अडचण अशी की तीन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले गेलेत. पहिला: स्पेकमधल्या (प्रोटोकॉलच्या अधिकृत दस्तऐवजातल्या) अटी आपसात जुळतात का, म्हणजे प्रत्येक प्रकारचा मेसेज बनू शकतो का? दुसरा: गेटवेचा कोड जे स्वीकारतो आणि स्पेक जे मान्य करतं, ते एकच आहे का? तिसरा: स्वीकारलेल्या प्रत्येक रिक्वेस्टला नियमात बसणारं उत्तर देणं शक्य आहे का? तिन्हींची मांडणी वेगवेगळी होते आणि तिन्हींत हवं असलेलं उत्तरही वेगळं असतं. पहिल्यात प्रत्येक शाखेला ‘सॅट’ हवं, दुसऱ्यात ‘अनसॅट’ (अशा किंमतीच नाहीत) हवं. तिसरा थोडा अवघड आहे, त्याकडे नंतर येतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. कोड सी मध्ये आहे की पायथनमध्ये, प्रोसेसरवर ‘इंट’ १६ बिटांचा आहे की ३२ बिटांचा, रिक्वेस्ट फक्त आपल्याच स्काडातून (यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रणालीतून) येते की नेटवर्कवरचं कुणीही पाठवू शकतं, यानुसार मॉडेल बदलतं. पुढचं सगळं मी हे धरून लिहितोय की कोड सी मध्ये आहे, तुमच्या हातात आहे आणि पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. साध्या मॉडबस टीसीपीमध्ये ओळख पटवण्याची सोयच नाही, त्यामुळे ५०२ पोर्टपर्यंत ज्याचा हात पोचतो तो हवे ते बाइट पाठवू शकतो.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा, कारण खऱ्या चुका तिथेच सापडतात. दोन वेगळी सूत्रं लिहा. एकाला ‘स्पेक’ म्हणू: दस्तऐवजात जे आहे तेवढंच, शुद्ध गणितात. दुसऱ्याला ‘कोड’ म्हणू: तुमच्या सी मधल्या तपासण्या जशा आहेत तशा, व्हेरिएबलच्या बिटांच्या रुंदीसकट. मग सॉल्व्हरला विचारा: ‘कोड खरं आणि स्पेक खोटं’ असा मेसेज आहे का? ‘अनसॅट’ आलं तर कोड स्पेकबाहेरचं काहीही स्वीकारत नाही. ‘सॅट’ आलं तर हातात आलेला मेसेज हाच तुमचा बग. नंतर उलट विचारा: ‘स्पेक खरं आणि कोड खोटं’. यातून वैध रिक्वेस्ट विनाकारण नाकारल्या जातात का ते कळतं. पहिली दिशा सुरक्षेची आणि दुसरी चालू राहण्याची. दोन्ही चालवायच्या.

फंक्शन १६, म्हणजे एकाहून जास्त रजिस्टर (उपकरणातले १६ बिटांचे कप्पे) लिहिण्याची रिक्वेस्ट, घेऊन बघू. सुरुवातीला ७ बाइटचं हेडर: ट्रान्झॅक्शन आयडी २, प्रोटोकॉल आयडी २ (नेहमी शून्य), लांबी २, युनिट आयडी १. पुढे फंक्शन १ बाइट, सुरुवातीचा पत्ता २, रजिस्टरांची संख्या २, बाइट-काउंट १ आणि मग प्रत्यक्ष डेटा. संख्येला ‘न’ म्हटलं तर स्पेकच्या अटी अशा: प्रोटोकॉल आयडी शून्य, न किमान १ आणि कमाल १२३, बाइट-काउंट बरोबर २ × न, हेडरमधली लांबी बरोबर ७ + बाइट-काउंट, कारण त्या लांबीत युनिट आयडी आणि त्यापुढचं सगळं धरतात, पत्ता + न जास्तीत जास्त ६५५३६, आणि सॉकेटवरून प्रत्यक्ष आलेले बाइट ६ + लांबी. शेवटची अट बऱ्याच जणांकडून सुटते, कारण ती कुठल्याही फील्डमध्ये लिहिलेली नसते. ‘आलेले बाइट’ हे मॉडेलमध्ये एक वेगळं व्हेरिएबल म्हणून घ्यावंच लागतं.

आता समजा कोडमध्ये अपेक्षित बाइट-काउंट ८ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलाय, तो आलेल्या बाइट-काउंटशी ताडून बघितलाय, लांबीही तपासलीय, पण ‘न कमाल १२३’ ही तपासणी राहून गेलीय. डोळ्यांना हे ठीक वाटतं: बाइट-काउंट जास्तीत जास्त २५५, मग न आपोआप मर्यादेत राहील. सॉल्व्हरला ‘कोड खरं, स्पेक खोटं’ विचारलं की क्षणात उत्तर येतं. न = १२८, बाइट-काउंट = ०, लांबी = ७. दोनदा १२८ म्हणजे २५६, आणि ८ बिटांत २५६ म्हणजे शून्य. एकूण १३ बाइटचा मेसेज, त्यात डेटाचा एकही बाइट नाही, आणि कोड १२८ रजिस्टर लिहायला निघतो. ते २५६ बाइट बफरमध्ये मेसेजच्या पुढे जे काही जुनं पडलं असेल तिथून उचलले जातात आणि थेट उपकरणात लिहिले जातात. त्या रजिस्टरांत पंपाचा सेटपॉइंट असू शकतो. न = २५१ आणि बाइट-काउंट = २४६ हेही चालून जातं, कारण ५०२ मधून २५६ वजा केले की २४६ उरतात. ही जोडी चाचणीत हाताने लिहायचं कुणाच्याही डोक्यात येणार नाही. सॉल्व्हरची किंमत इथे कळते.

सांगितलेली लांबी आणि प्रत्यक्ष आलेली लांबी यांच्यातली फट किती महागात पडते याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे ७ एप्रिल २०१४ ला जाहीर झालेला हार्टब्लीड, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला दोष. टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या प्रोटोकॉलच्या हार्टबीट (जोडणी जिवंत आहे ना ते बघणाऱ्या) मेसेजमध्ये १ बाइट प्रकार, २ बाइट पेलोडची लांबी, मग पेलोड आणि निदान १६ बाइट पॅडिंग असतं. सांगितलेली लांबी आलेल्या मेसेजमध्ये मावत नसेल तर मेसेज गुपचूप टाकून द्यावा, हे २०१२ च्या स्पेकमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. ओपनएसएसएलच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांमध्ये ती तपासणी नव्हती. दुरुस्ती झाली ती इतकीच की १ + २ + लांबी + १६ हे आलेल्या रेकॉर्डपेक्षा जास्त असेल तर काहीही न करता परत फिरायचं. स्पेक आणि कोड अशी दोन सूत्रं समोरासमोर ठेवली असती तर ‘कोड खरं, स्पेक खोटं’ला पहिल्याच फटक्यात ‘सॅट’ आलं असतं. म्हणून ‘आलेले बाइट’ हे व्हेरिएबल विसरू नका, असं वरच म्हटलं.

आता बिटांच्या रुंदीबद्दल, आणि इथे जरा थांबून वाचा, कारण मॉडेल चुकतं ते मुख्यतः इथेच.

झेड-थ्रीमध्ये संख्या दोन प्रकारे मांडता येतात: गणितातला पूर्णांक, किंवा ठरावीक रुंदीचा बिटव्हेक्टर. पूर्णांक कधी उलटा फिरत नाही (कमाल ओलांडून पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही), त्यामुळे वरचा १२८ चा बग पूर्णांकांच्या मॉडेलमध्ये दिसणारच नाही. ‘कोड’ बिटव्हेक्टरमध्येच हवा. ‘स्पेक’ मात्र उलटा फिरता कामा नये. दोन्ही एकत्र आणण्यासाठी पूर्णांक आणि बिटव्हेक्टर यांच्यात रूपांतर करत बसलात तर सॉल्व्हर फार मंदावतो. मी स्पेकही बिटव्हेक्टरमध्येच लिहितो, फक्त सगळी फील्डं आधी शून्यांनी भरून ३२ बिटांपर्यंत रुंद करतो. मॉडबसमधली सर्वांत मोठी बेरीज ६५५३५ + ६५५३५, म्हणजे १३१०७०. तिला १७ बिट पुरतात, म्हणून ३२ मध्ये काहीच फिरत नाही. पत्ता + न ही बेरीज १६ बिटांतच केलीत तर पत्ता ६५५३५ आणि न २ यांची बेरीज १ येते आणि मेसेज निर्दोष दिसतो. शिवाय ६५५३६ ही मर्यादा १६ बिटांत लिहिताच येत नाही, ती शून्य होते.

दुसरा खड्डा चिन्हाचा. पायथनमधून झेड-थ्री वापरताना बिटव्हेक्टरवरचं साधं ‘लहान किंवा समान’ हे चिन्ह धरून तुलना करतं. बिनचिन्ह तुलनेसाठी यूएलटी, यूएलई, यूजीटी, यूजीई ही वेगळी फंक्शनं आहेत, भागाकारासाठी यूडिव्ह, उजवीकडे सरकवण्यासाठी एलएसएचआर (LShR). समजा उपकरणात ४०००० रजिस्टर आहेत आणि तुम्ही १६ बिटांत साधं ‘पत्ता लहान ४००००’ लिहिलंत. चिन्हासकट ४०००० म्हणजे उणे २५५३६. आता ही अट फक्त ३२७६८ ते ३९९९९ हे पत्ते मान्य करते आणि पत्ता शून्य नाकारते. सॉल्व्हर कुठलीही तक्रार करत नाही. पहिल्या प्रश्नात ‘पत्ता शून्य असलेली वैध रिक्वेस्ट दाखव’ असं विचारलंत तर ही चूक लगेच पकडली जाते.

तिसरा खड्डा सी भाषेचा. सी मध्ये ८ आणि १६ बिटांच्या संख्या गणित करण्याआधी ‘इंट’मध्ये वाढवल्या जातात. त्यामुळे ३२ बिटांच्या प्रोसेसरवर ‘बाइट-काउंट बरोबर २ × न’ ही तुलना थेट लिहिली असेल तर ती ३२ बिटांत होते आणि वरचा बग येत नाही. गुणाकार आधी ८ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये साठवला की मगच वरचे बिट कापले जातात. मॉडेलमध्ये ही वाढ आणि ही काप, दोन्ही हाताने लिहावी लागतात. झेड-थ्री वेगळ्या रुंदीच्या दोन बिटव्हेक्टरांची बेरीज करू देत नाही, एरर देतो. ही अडचण वाटते, पण तिच्यामुळेच प्रत्येक ठिकाणी ‘इथे कोडमध्ये किती बिट आहेत’ हा विचार करावा लागतो. तोच कोड एव्हीआरसारख्या १६ बिट ‘इंट’च्या मायक्रोकंट्रोलरवर टाकलात तर उत्तरं बदलतात. कॉइल (एका बिटाचे चालू-बंद आउटपुट) लिहिण्याच्या फंक्शन १५ मध्ये बाइट-काउंट हा (न + ७) भागिले ८ असतो. तिथे न = ६५५३५ घेतलं की १६ बिटांत न + ७ होतात ६, आणि भागाकार शून्य. म्हणजे ६५५३५ कॉइल आणि शून्य बाइट. म्हणून ‘इंट’ची रुंदी मॉडेलमध्ये एक पॅरामीटर ठेवा आणि दोन्ही रुंदींना तपासणी चालवा.

मर्यादांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण अनेकजण ‘१२३ चा आकडा वेगळा कशाला तपासायचा, आकारातून तो निघतोच’ असं म्हणतात. मॉडबसमध्ये हेडर वगळून मेसेज कमाल २५३ बाइटचा. फंक्शन १६ ला ६ + २ × न बाइट लागतात. न = १२३ ला २५२, न = १२४ ला २५४. म्हणजे १२३ खरंच आकारातून निघतो, आणि सॉल्व्हर ते सिद्धही करून देतो. रजिस्टर वाचण्याच्या उत्तरातले १२५ आणि फंक्शन २३ मधले लिहायचे १२१ हेही तसेच. कॉइलचं मात्र तसं नाही. फंक्शन १५ ला आकाराच्या हिशेबाने १९७६ कॉइल मावतात, पण स्पेकची मर्यादा १९६८ आहे. कॉइल वाचण्याच्या उत्तरात २००८ मावतात, मर्यादा २००० आहे. आकारावरून मर्यादा काढणारा कोड १९६९ ते १९७६ मधली रिक्वेस्ट स्वीकारेल आणि मागचं उपकरण ती नाकारेल. कुठली अट दुसरीतून निघते आणि कुठली स्वतंत्र आहे, हे ठरवायची पद्धत सोपी आहे: ती अट काढा, बाकीच्या ठेवा आणि तिचं खंडन जोडून विचारा. ‘अनसॅट’ आलं तरच ती निघते.

उलट बाजूची फसवणूक म्हणजे पोकळ ‘अनसॅट’. ‘कोड खरं, स्पेक खोटं’ला ‘अनसॅट’ आलं म्हणून हायसं वाटतं, पण ‘कोड’ सूत्रातच विसंगती असेल, उदाहरणार्थ दोन शाखांच्या अटी चुकून एकत्र जोडल्या गेल्या असतील, तर तो काहीच स्वीकारत नाही आणि कुठल्याही प्रश्नाला ‘अनसॅट’च येणार. म्हणून प्रत्येक फंक्शनसाठी आधी ‘कोड खरं आणि फंक्शन = हे’ला ‘सॅट’ येतंय हे तपासायचं. तेवढंच नाही, तर न = १, न = कमाल, पत्ता = ०, पत्ता + न = ६५५३६ या टोकांनाही ‘सॅट’ हवं. हाच तुमचा पहिला प्रश्न, आणि तो दहा ओळींत मावतो. कुठे अनपेक्षित ‘अनसॅट’ आलं तर अटी असर्ट-अँड-ट्रॅकने नाव देऊन घाला आणि अनसॅट-कोअर मागा. कोणत्या अटी एकमेकींशी भांडतायत त्यांची नावं मिळतात. ती यादी सर्वांत लहान असेलच असं नाही. लहान करून देण्याची सेटिंग आहे, किंवा एकेक अट काढून पुन्हा विचारा.

इथपर्यंतचं एका दमात: स्पेक आणि कोड वेगळे लिहा, आधी प्रत्येक शाखा जिवंत आहे ते बघा, मग दोन्ही दिशांनी फरक विचारा, आणि हे सगळं खऱ्या बिटांच्या रुंदीत करा.

आता तासभर चालण्याबद्दल. वर कुठेही डेटाचे बाइट मॉडेलमध्ये आलेले नाहीत, हे लक्षात आलं असेल. फ्रेमच्या वैधतेसाठी डेटाची लांबी पुरते, मजकूर लागत नाही. २४६ बाइट म्हणजे जवळजवळ दोन हजार बिट व्हेरिएबलं, आणि त्यातल्या एकावरही अट नाही. नुसती असणं फार महाग नाही. महाग पडतं ते ‘जितका न तितके बाइट’ हे सांगण्यासाठी घातलेले क्वांटिफायर (‘प्रत्येकासाठी’ किंवा ‘एखादा आहे’ अशा अटी) किंवा बदलत्या लांबीच्या सीक्वेन्स. ‘अननोन’ बहुधा तिथूनच येतं. दुसरं कारण म्हणजे पूर्णांकांमध्ये व्हेरिएबल गुणिले व्हेरिएबल. त्या प्रकारच्या गणिताला सर्वसाधारण निर्णयपद्धतच नाही. आपल्याकडे २ × न आहे, त्यात २ ठरलेला आहे, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. मजकुरावर खरोखर अट असेल, जसं ‘रजिस्टर १० मधली किंमत ० ते १५०० मध्येच हवी’, तर त्या एकाच रजिस्टरसाठी व्हेरिएबल घ्या: पत्ता लहान किंवा समान १० आणि १० लहान पत्ता + न असेल तेव्हाच ती अट लागू.

सीआरसी (मेसेज वाटेत बिघडला का ते ओळखणारी तपास-संख्या) मॉडेलमध्ये घालू नका. मॉडबस टीसीपीत तो नसतोच. सीरियल बाजूच्या आरटीयू फ्रेममध्ये २ बाइटचा असतो. सीआरसी हे निव्वळ एक्सऑरचं गणित आहे, छोट्या ठरावीक लांबीला सॉल्व्हर ते सोडवतोही, पण तुमच्या प्रश्नांना त्याची गरज नाही. सीआरसी वेगळ्या युनिट टेस्टने तपासा आणि इथे ‘सीआरसी बरोबर आहे’ असं धरून चला. हॅश किंवा सह्या असलेल्या प्रोटोकॉलमध्ये तर हे पथ्य पाळावंच लागतं, कारण हॅश उलटा सोडवायला सांगितलात तर सॉल्व्हर कधी परतच येणार नाही.

एकात एक घातलेल्या फील्डांची साखळी असेल, जशी प्रकार-लांबी-किंमत अशी असते, तर तीन-चार घटकांपर्यंत उलगडून लिहा. तेव्हा ‘अनसॅट’चा अर्थ ‘चार घटकांपर्यंत चूक नाही’ एवढाच राहतो. तो तसाच नोंदवून ठेवा, म्हणजे पुढे कुणी त्याला पूर्ण खात्री समजणार नाही.

तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. स्वीकारलेल्या प्रत्येक रिक्वेस्टला उत्तर शक्य आहे का? सॉल्व्हरच्या भाषेत: अशी एखादी वैध रिक्वेस्ट आहे का, जिला एकही वैध उत्तर नाही? तुमच्या गेटवेत अशी रिक्वेस्ट आहे. सीरियल लाइनवर युनिट आयडी ० म्हणजे सर्वांसाठी, १ ते २४७ म्हणजे एकेक उपकरण. सर्वांना पाठवलेल्या रिक्वेस्टला कुणीच उत्तर देत नाही, म्हणून ती फक्त लिहिण्यासाठी असते. टीसीपीवरून युनिट आयडी ० आणि फंक्शन ३ आलं, आणि गेटवेने ते जसंच्या तसं सीरियलवर सोडलं, तर उत्तर येणारच नाही आणि क्लायंट टाइमआउट होईपर्यंत ताटकळत राहील. प्रत्येक फील्ड स्वतंत्रपणे बघितलं तर वैध आहे, एकत्र आल्यावर मात्र वाट बंद होते. ही अट रिक्वेस्ट स्वीकारतानाच घालायला हवी.

वाटाघाटी असलेल्या प्रोटोकॉलमध्ये हाच प्रश्न संख्यांच्या रूपात येतो. टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या प्रोटोकॉलमध्ये क्लायंट ८ ते ६५४६४ मधला ब्लॉकचा आकार सुचवतो आणि सर्व्हरने त्याच्याइतका किंवा त्याहून लहान आकार कळवायचा असतो. सर्व्हरला स्वतः ५१२ च्या खाली जायचं नसेल आणि क्लायंटने २५६ सुचवले, तर दोन्ही अटी पाळणारी संख्याच नाही. स्पेकमध्ये सुटकेची वाट आहे: सर्व्हरने तो पर्याय मान्यच करायचा नाही, मग ठरलेला ५१२ चा आकार लागू होतो. मॉडेलमध्ये ही वाट शाखा म्हणून लिहिली नसेल तर सॉल्व्हर २५६ दाखवेल, आणि कोडमध्ये लिहिली नसेल तर सर्व्हर अडकेल.

हे तपासताना ‘सगळ्या उत्तरांसाठी’ असा क्वांटिफायर घालायचा मोह होतो. लहान बिटव्हेक्टरांना तो चालूनही जातो, पण मी तो टाळतो. उत्तर कसं बनतं हे तुम्हाला माहीत असतं, तेव्हा तेच सूत्र द्या: बाइट-काउंट = २ × मागितलेली संख्या, लांबी = ३ + बाइट-काउंट, ट्रान्झॅक्शन आयडी आणि फंक्शन रिक्वेस्टमधलेच. मग विचारा: रिक्वेस्ट वैध, आणि या सूत्राने बनलेलं उत्तर अवैध, असं होतं का? क्वांटिफायर गेला, उत्तर सेकंदाच्या आत येतं, आणि शिवाय तुमचा उत्तर बनवणारा कोडही त्यातच तपासला गेला.

उत्तराच्या अटी लिहिताना एक गोष्ट सांभाळा: तपासणाऱ्याला त्या क्षणी जे माहीत आहे त्यावरच अट असावी. वाचण्याच्या उत्तरात रजिस्टरांची संख्या नसते, फक्त बाइट-काउंट असतो. कॉइलच्या उत्तरात ३ बाइट आले तर मागितलेल्या कॉइल १७ पासून २४ पर्यंत कितीही असू शकतात. म्हणजे उत्तर एकटं तपासताच येत नाही. मूळ रिक्वेस्ट ट्रान्झॅक्शन आयडीसह जपून ठेवावी लागते. मॉडेलमध्ये रिक्वेस्टची व्हेरिएबलं सहज हाताशी असतात म्हणून अट लिहून मोकळं होता येतं, पण कोडमध्ये ती माहिती त्या फंक्शनपर्यंत पोचतच नाही. अशी अट सापडली की ती आधी डिझाइनची त्रुटी म्हणून नोंदवा.

नकार देण्यातही क्रम आहे. फंक्शन १६ मध्ये संख्या किंवा बाइट-काउंट चुकला तर एक्सेप्शन (नकाराचा कोड) ३, पत्ता बाहेर गेला तर एक्सेप्शन २, आणि हे याच क्रमाने. दोन्ही चुका एकत्र असलेल्या मेसेजला ३ जायला हवं. म्हणून कोडचं सूत्र फक्त खरं-खोटं न ठेवता ‘निकाल’ असं एक व्हेरिएबल ठेवा (० स्वीकार, २, ३) आणि स्पेकचा निकाल व कोडचा निकाल वेगळा येतो का ते विचारा.

आता सर्वांत मोठी फट, जी सॉल्व्हर भरून देत नाही: तुम्ही लिहिलेलं ‘कोड’ सूत्र आणि प्रत्यक्ष कोड एकच आहेत कशावरून? हाताने लिहिलेलं मॉडेल दोन महिन्यांत मागे पडतं, कारण कुणीतरी कोडमधला एक ‘इफ’ बदलतो आणि मॉडेलला हात लावत नाही. तीन मार्ग आहेत. अटी एकाच तक्त्यात ठेवा आणि त्यातूनच सी चा कोड आणि सॉल्व्हरचं सूत्र, दोन्ही निर्माण करा. नव्या प्रकल्पाला हे उत्तम. कोड आधीच असेल तर सीबीएमसीसारखं साधन थेट सी वाचून तीच तपासणी करतं, आणि ‘इंट’च्या रुंदीचं आणि बिट कापले जाण्याचं गणित तुमच्या हातून चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. क्ली हे साधनही याच जातीचं आहे, ते कोडचे मार्ग चालून प्रत्येक मार्गाची अट सॉल्व्हरला देतं. यातलं काहीच जमत नसेल तर किमान एवढं करा: सॉल्व्हरने दिलेला प्रत्येक मेसेज खऱ्या बाइटमध्ये उतरवून, मोठा बाइट आधी या क्रमाने, खऱ्या पार्सरला खिलवा आणि मॉडेलचं भाकीत व पार्सरचा निकाल जुळतो का बघा. मॉडेलमधून किंमती काढताना मॉडेल-कम्प्लीशन चालू ठेवा, नाहीतर ज्या फील्डवर अट नाही त्याची किंमतच मिळत नाही. एक मेसेज मिळाला की तो वगळणारी अट जोडून पुढचा मागा. प्रत्येक फंक्शनचे शंभरेक मेसेज, टोकांसकट, एका फाइलमध्ये ठेवले की ते कायमचे टेस्ट म्हणून कामी येतात.

रोजच्या बिल्डमध्ये हे चालवताना प्रत्येक प्रश्नाला वेळेची मर्यादा घाला. वरच्या मांडणीत १० सेकंद भरपूर झाले. ‘अननोन’ला नापास धरा. स्क्रिप्टमध्ये ‘सॅट नसेल तर ठीक’ असं लिहिलं की ‘अननोन’ही पास होतो, ही चूक फार सहज होते. ‘अनसॅटच असेल तर ठीक’ असं लिहा. सॉल्व्हरची आवृत्ती ठरवून ठेवा, कारण एका आवृत्तीत क्षणात सुटणारा प्रश्न दुसरीत रेंगाळू शकतो.

एकाच वेळी किती रिक्वेस्ट चालू आहेत, ६५५३६ नंतर ट्रान्झॅक्शन आयडी पुन्हा तोच आला तर जुनं उत्तर नव्या रिक्वेस्टला चिकटेल का, हे प्रश्न एका मेसेजचे नाहीत, क्रमाचे आहेत. दोन-तीन पावलं उलगडून सॉल्व्हरलाच विचारता येतं, पण त्यापुढे टीएलए प्लस किंवा स्पिनसारखी साधनं जास्त सोयीची. आधी एक मेसेज आणि त्याचं एक उत्तर पक्कं करा.

आणि गेटवेच्या चालू मार्गावर सॉल्व्हर ठेवू नका. आलेला मेसेज हातात असताना सगळ्या किंमती माहीत असतात, तिथे सात-आठ साध्या तुलना पुरतात आणि त्या मायक्रोसेकंदांत होतात. सॉल्व्हरचं काम त्या तुलना बरोबर आणि पुरेशा आहेत हे बिल्डच्या वेळी ठरवण्याचं आहे. आज सुरुवात करायची तर फंक्शन १६ एकटंच घ्या, ‘आलेले बाइट’ धरून सहा अटींचं स्पेक लिहा, तुमच्या पार्सरमधल्या त्याच तपासण्या खऱ्या रुंदीत उतरवा आणि ‘कोड खरं, स्पेक खोटं’ विचारा. ‘सॅट’ आलं तर तो मेसेज आणि कोडचा तेवढा भाग इथे टाका, पुढचं त्यावरून बघू.